भिंतीवरचे नाव आणि काउंटरवरचे हात

नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून आचोळे, तुळिंज, संतोष भुवन, बिलालपाडा असे चालत निघाले की दर काही पावलांवर मेडिकलचे दुकान लागते. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व आजूबाजूची गावे मिळून २००९ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. चाळींत राहणारा, हातावर पोट असलेला माणूस आजारी पडला की दवाखान्याच्या आधी मेडिकलची पायरी चढतो. "ताप आहे, काहीतरी द्या" असे म्हणतो आणि दिलेली गोळी विश्वासाने गिळतो.

या दुकानांच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेले असते. त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. परंतु चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देणारे हात पुष्कळदा दुसऱ्याचेच असतात. ज्याचे नाव भिंतीवर आहे तो दुकानात महिन्यातून एकदा येतो, पाकीट घेतो आणि जातो. आणि ज्याचे हात काउंटरवर आहेत तो अनेकदा आपल्याच वस्तीतला, आपल्याच समाजातला मुलगा असतो. त्याने फार्मसीची पदविका घेतलेली असते, पण परवान्याच्या परीक्षेत तो नापास झालेला असतो. काम फार्मासिस्टचे, पगार हेल्परचा, आणि उद्या औषध निरीक्षक आला तर उत्तर द्यायला उभाही हाच.

आजचा लेख या नापास झालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. आम्ही व्यवसायाने वकील. औषधशास्त्र आमचा विषय नव्हे. तरीही नालासोपाऱ्यातील एका विहारात रविवारी दुपारी या मुलांसोबत बसतो, त्यांच्या अभ्यासातला कायद्याचा पेपर शिकवतो. तिथे जे दिसले, जे पटले, ते समाजापुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

कायदा काय सांगतो?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की हा परवाना आला कुठून. इंग्रजी अमलात या देशातला औषधांचा बाजार मोकाट होता. भेसळीची, बनावट औषधे सर्रास विकली जात. ओरड झाली तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्या वाटेने पुढे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा झाला.

फार्मसी कायद्याचे कलम ४२ असे आहे की, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कोणीही करू नये. केले तर तो गुन्हा आहे. १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम ६५ तेच सांगतो : चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टने स्वतः द्यावे किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे. म्हणजे भिंतीवरच्या प्रमाणपत्राने देखरेख होत नाही. जिवंत माणूस दुकानात हजर लागतो.

महेश झगडे हे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाई सुरू केली, तेव्हा राज्यभरातल्या औषध विक्रेत्यांनी किती गदारोळ केला, बंदची हाक कशी दिली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढे २९ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुकेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात, नोंदणीकृत फार्मासिस्ट नसताना औषधे दिली जाणे ही नागरिकांच्या आरोग्याशी चाललेली खेळी आहे, या अर्थाची कडक भूमिका घेतली आणि राज्य सरकार व फार्मसी परिषदेला त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून दिली.

हे सर्व आम्ही का सांगतो? कारण काउंटरवर उभ्या असलेल्या आपल्या मुलाला वाटते, "मी तर फक्त नोकरी करतो, जबाबदारी मालकाची." तसे नाही. कलम ४२ मालक आणि नोकर असा भेद करीत नाही. औषध कोणी दिले, एवढेच ते विचारते.

नवा दरवाजा

पूर्वीची रीत सोपी होती. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची डी.फार्म. पदविका, मग ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण, त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्याचे. महाराष्ट्रात या पदविकेची परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. पास झाले, प्रशिक्षण झाले की मुलुंडच्या राज्य फार्मसी परिषदेत कागद देऊन नोंदणी होत असे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये भारतीय फार्मसी परिषदेने डी.फार्म. एक्झिट परीक्षेचे विनियम काढले. पदविका आणि नोंदणी यांच्यामध्ये आणखी एक दरवाजा बसवला. परीक्षा घेण्याचे काम राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाकडे गेले आणि ऑक्टोबर २०२४ च्या ३, ४ व ५ तारखांना ती झाली. पेपर तीन. पहिला औषधनिर्माणशास्त्र, औषधक्रियाशास्त्र आणि वनौषधींचा. दुसरा रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रुग्णालयीन फार्मसीचा. तिसरा कायद्याचा आणि दुकान व्यवस्थापनाचा. प्रश्न पर्यायी, भाषा इंग्रजी. प्रत्येक पेपरात ५० टक्के गुण हवेत आणि तेही एकाच वेळी बसून. म्हणजे दोन पेपरांत चांगले गुण मिळाले आणि तिसरा थोडक्यात राहिला तरी पुढच्या वेळी तिन्ही पेपर पुन्हा.

आमच्या वर्गात विरार फाट्याकडून एक मुलगी येते. वडील नाक्यावर उभे राहून रोजंदारी करतात. तिचा दुसरा पेपर गेला आणि त्यासोबत तिन्ही गेले. घरात तिला कोणी रागावले नाही. पण पुढच्या आठवड्यात एक स्थळ आले. वडिलांनी आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, ही अजून किती वर्षे परीक्षा देणार?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी औषधाचे शास्त्र शिकले, त्या घराला परीक्षा आणि अभ्यासक्रम यातला फरक कोण सांगणार? त्यांना वाटले, मुलगी नापास झाली म्हणजे दोन वर्षांचे शिक्षण वाया गेले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की पदविका तिच्या हातात आहे, ती कोणी काढून घेऊ शकत नाही. राहिले आहे ते फक्त नोंदणीपुस्तकातले नाव. आणि या परीक्षेला किती वेळा बसावे यावर विनियमांत मर्यादा नाही. इंग्लंडमध्ये फार्मासिस्टच्या नोंदणी परीक्षेला तीनच संधी मिळतात, अमेरिकेत पाच. आपल्याकडे ही दोरी कापलेली नाही, तर आपणच ती का सोडावी?

नापास म्हणजे काय?

बाबासाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग आपण भाषणांत फारसा सांगत नाही. त्यांच्या पदव्यांची यादी सांगतो, पण त्या पदव्यांच्या वाटेवरचे अडथळे सांगत नाही. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. हाताशी पैसा उरला नव्हता, म्हणून ते मुंबईला परतले. वकिलीची सुरुवात करायची होती, संसार चालवायचा होता. अशा दिवसांत मुंबईत बसून त्यांनी प्रबंधावर पुन्हा हात फिरवला, मूळ निष्कर्ष न बदलता तो लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी तो स्वीकारला गेला. डी.एस्सी. ही पदवी अशी मिळाली आहे. आणि १९०७ साली मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. गुणपत्रिकेकडे पाहून माणूस मोजायचा नसतो, हे त्यातून कळते.

नापास झालेल्या मुलापुढे तीन वाटा असतात. एक, आयुष्यभर हेल्पर राहणे. ही वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत लांब. चाळिशी आली तरी काउंटरवरच, आणि भिंतीवर नाव दुसऱ्याचे. दुसरी वाट एजंटची. "परराज्यातले सर्टिफिकेट आणून देतो, इथे ट्रान्सफर करून देतो" असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या कागदावर झालेली नोंदणी कलम ३६ प्रमाणे रद्द होते आणि बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा वेगळा. एजंट फोन बंद करून निघून जातो, कोर्टाच्या तारखांना तुम्ही येता. तिसरी वाट म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणे. ही वाट कष्टाची आहे, पण तिच्या शेवटी भिंतीवर तुमचे स्वतःचे नाव आहे.

मुले का नापास होतात?

आमच्यासमोर बसणारी मुले मठ्ठ नाहीत. कोणत्या गोळीची पाकिटे कोणत्या खणात आहेत हे ती डोळे मिटून सांगतात. मग पेपर का जातो?

पहिले कारण भाषा. जिल्हा परिषदेच्या किंवा मनपा हद्दीतल्या मराठी शाळेत दहावी, मग एकदम इंग्रजी पुस्तके. कॉलेजच्या परीक्षेत ठरावीक उत्तरे पाठ करून लिहिता येतात. पर्यायी प्रश्नात ते चालत नाही. "खालीलपैकी कोणत्या रुग्णाला हे औषध कॉन्ट्राइंडिकेटेड आहे" असा प्रश्न आला आणि त्या एका शब्दाचा अर्थ "देऊ नये" असा आहे हे लक्षात आले नाही, तर येत असलेले उत्तरही चुकते. "एक्सेप्ट" हा शब्द वाचायचा राहिला तरी तेच.

दुसरे कारण कॉलेज. काही ठिकाणी प्रात्यक्षिके वहीत उतरवून घेतली जातात, उपकरणाला हात लागत नाही. शुल्क पूर्ण, शिक्षण अर्धे.

तिसरे कारण वेळ. सकाळी नऊला काउंटरवर उभे राहायचे, रात्री अकराला शटर ओढायचे. आठवड्याची सुट्टीही मालकाच्या मर्जीवर. अशा मुलाने अभ्यास करावा कधी?

पुन्हा बसताना

म्हणून आम्ही सांगतो, काउंटर हीच तुमची प्रयोगशाळा करा. श्रीमंताच्या मुलाला क्लास लावता येतो, पण दिवसाला शेकडो औषधे त्याच्या हातातून जात नाहीत. तुमच्या जातात. एक दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात रकाने आखा : औषधाचे मूळ नाव, गट, उपयोग, कोणत्या शेड्यूलमध्ये, आणि रुग्णाला सांगायची एक सूचना. रोज फक्त पाच औषधे लिहा. शंभर दिवसांत पाचशे होतात.

मेटफॉर्मिन मधुमेहाचे, जेवणासोबत घ्यायचे. मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचे, त्याच्यासोबत दारू चालत नाही. नावे जवळजवळ सारखी, घाईत गफलत होणारी. लिव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी. टेट्रासायक्लिन दुधासोबत घेतले तर कॅल्शियमशी बांधले जाऊन अंगी लागत नाही. रिफाम्पिसिनने लघवीला केशरी रंग येतो, हे आधी सांगितले नाही तर क्षयाचा रुग्ण घाबरून औषध सोडतो. याच औषधाने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, हे बाईला सांगणे फार्मासिस्टचे काम आहे. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. काउंटरवरच्या मुलाने ते "रोज एक" असे सांगितले तर रुग्ण जिवाला मुकू शकतो. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असेल. वस्तीत तो एका आईचा प्रश्न असतो.

अभ्यासाची सुरुवात तिसऱ्या पेपरापासून करा, असे आमचे मत आहे. तो आटोक्यात येणारा आहे आणि आत्मविश्वास देतो. कायदा पाठ करू नका, स्ट्रिप हातात घेऊन वाचा. शेड्यूल एच असेल तर आरएक्स ही खूण. एच-१ असेल तर आरएक्स लाल रंगात आणि लाल चौकटीत इशारा. शेड्यूल एक्स असेल तर लाल एक्सआरएक्स. अमली पदार्थांच्या कायद्यात येत असेल तर एनआरएक्स. एच-१ हे शेड्यूल २०१३ च्या अधिसूचनेने आले, मार्च २०१४ पासून लागू झाले. त्याचे वेगळे रजिस्टर ठेवायचे, त्यात डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या लिहायची आणि ते तीन वर्षे जपायचे. शेड्यूल एक्सला स्वतंत्र परवाना, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षे. किरकोळ दुकानाला निदान दहा चौरस मीटर जागा. दुकानाच्या पाटीवरचे शब्ददेखील कायद्याने ठरवलेले आहेत : फार्मासिस्टची गरज नसलेल्या परवान्याला "ड्रगस्टोअर", फार्मासिस्ट आहे पण औषध बनवण्याची सोय नाही तिथे "केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स", आणि दोन्ही असेल तिथे "फार्मसी". नालासोपाऱ्याच्या एका रस्त्यावरून चालत गेलात आणि पाट्या वाचल्यात तरी नियम ६५ ची उजळणी होते. क्षयरोगाची औषधे नेणाऱ्या रुग्णाची माहिती शासनाला कळवणे औषध विक्रेत्यावर मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले, हेही विसरू नका. दाट चाळींच्या आपल्या भागात त्या नियमाचे मोल किती आहे, ते वेगळे सांगायला नको.

गणिताला घाबरू नका. एक टक्का द्रावण म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. मुलाच्या डोसचे यंगचे सूत्र म्हणजे मुलाचे वय भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्या माणसाचा डोस. सहा वर्षांच्या मुलाला सहा भागिले अठरा, म्हणजे एक तृतीयांश. असे एक उदाहरण रोज, विरार लोकलमध्ये उभे राहून तोंडी करता येते.

वनौषधींचा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, कारण पुस्तकातली लॅटिन नावे. पण चाळीच्या दारात तेलाच्या डब्यात लावलेली सदाफुली पाहा. तिच्यातूनच विनक्रिस्टीन मिळते, जे रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. रस्त्याकडेचा धोतरा, कुंपणाचा अडुळसा, कुंडीतली कोरफड, सगळी अभ्यासक्रमातली. येथे जीवकाची आठवण होते. विनयपिटकाच्या महावग्गात ती कथा आहे. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली : तक्षशिलेभोवती एक योजन फिर आणि औषध नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, कारण औषध नाही अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले. भोवताल वाचता येतो की नाही, हे त्या परीक्षेने तपासले होते. आपल्या मुलांना तो वाचता येतो. त्याची इंग्रजी नावे तेवढी जोडायची आहेत.

एकट्याने अभ्यास करू नका. आमच्या वर्गात नियम असा की प्रत्येकाने दर रविवारी दहा प्रश्न स्वतः तयार करून आणायचे आणि दुसऱ्यांना सोडवायला द्यायचे. प्रश्न काढणारा मुलगा धडा दोनदा वाचतो. चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत, त्याच्यापुढे चुकण्याचे कारण : माहीत नव्हते, शब्द कळला नाही, की घाई केली. पहिल्या महिन्यात बहुतेकांचे "शब्द कळला नाही" हेच कारण निघाले. मग आम्ही शब्दांची यादी भिंतीवर लावली. आता तेच विद्यार्थी नवीन आलेल्यांना ती यादी समजावून सांगतात.

परीक्षा न्याय्य आहे काय?

काही कार्यकर्ते म्हणतात, ही परीक्षाच रद्द करा, ती आपल्या मुलांना अडवण्यासाठी आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. चुकीच्या गोळीने मरणारा माणूस बंगल्यातला नसतो, तो आपल्या चाळीतला असतो. काउंटरवर जाणकार माणूस असावा ही आपली गरज आहे. आम्ही सनद घेतली तेव्हा वकिलांना अशी परीक्षा नव्हती. अखिल भारतीय बार परीक्षा २०११ मध्ये सुरू झाली. तिला आव्हान दिले गेले आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती कायम ठेवली. व्यवसायात येणाऱ्याची परीक्षा घेणे घटनाबाह्य नाही, हे आता मानून चालावे लागेल. पण परीक्षा असणे वेगळे आणि परीक्षा न्यायाने घेणे वेगळे.

बार परीक्षेत कायद्याची मूळ पुस्तके जवळ ठेवता येतात. नीटसारखी डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते. मग औषधाच्या दुकानात मराठी रुग्णाशी मराठीत बोलणाऱ्या फार्मासिस्टची परीक्षा केवळ इंग्रजीत का? आणखी एक गोष्ट. ही एक्झिट परीक्षा पदविकाधारकांनाच आहे, बी.फार्म. पदवीधराला नाही. चार वर्षांचे शुल्क ज्याला परवडते तो सरळ आत, ज्याला दोनच वर्षे परवडली त्याला दरवाजा. पदवी आणि पदविका यांच्या अभ्यासात फरक आहे, हे खरे. पण ज्ञान तपासायचे असेल तर ते सर्वांचे तपासा.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जो पेपर गेला तोच पुन्हा द्यावा, पास झालेले पेपर कायम राहावेत. प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत मराठीतही असावी. वर्षातून दोनदा परीक्षा हे विनियमांतले वचन वेळापत्रकासह पाळले जावे. अभ्यासक्रम संपला की शिष्यवृत्ती संपते, म्हणून या परीक्षेच्या हजारोंच्या शुल्कात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना सवलत मिळावी. बार्टी ज्या तडफेने यूपीएससी, एमपीएससीची तयारी करून घेते त्याच तडफेने या परीक्षेची करून घ्यावी, आणि पालघरच्या आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाने तेच करावे. ज्या कॉलेजांत प्रयोगशाळा कागदावरच आहेत त्यांची तपासणी व्हावी. ही निवेदने एकट्या विद्यार्थ्याने दिली तर फाइलमध्ये जातात. संघटनेने दिली तर त्यांचे उत्तर द्यावे लागते. नोंदणीच्या अटींबाबत कोणाच्याही तोंडी सांगण्यावर विसंबू नका. राज्य परिषदेकडून लेखी उत्तर घ्या, गरज पडली तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्ज लिहून देण्याचे काम आमच्यासारख्या वकिलांचे आहे.

आपली जबाबदारी

आता थोडे आपल्याच माणसांशी बोलायचे आहे. आपल्यातही नोंदणी झालेले फार्मासिस्ट आहेत. त्यातले काही कंपनीत नोकरी करतात आणि आपले सर्टिफिकेट एखाद्या दुकानाला लावून महिन्याचे भाडे घेतात. बांधवांनो, तुमचे नाव भिंतीवर टांगून दुकानदार दुसऱ्या फार्मासिस्टचा पगार वाचवतो. म्हणजे नोंदणी झालेल्या गरीब मुलाची नोकरी तुमच्या चौकटीने खाल्ली आहे. पकडले गेलात तर नोंदणीपुस्तकातून नाव जाईल ते वेगळेच. ते सर्टिफिकेट परत घ्या आणि रविवारचे दोन तास विहारात या. औषधक्रियाशास्त्र शिकवायला माणसे कमी पडतात.

विहार समित्यांना विनंती आहे. वंदना झाली की कुलूप लागते आणि पंखे, बाकडी, दिवे आठवडाभर रिकामे राहतात. नालासोपाऱ्याच्या मातीला औषधांचे वावडे नाही. हेच प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील स्तूप उकरला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथेच मिळाला आणि नवव्याचा पुढे १९५६ मध्ये. त्याच लेखमालेतला दुसरा लेख, जो गिरनारच्या शिळेवर वाचता येतो, माणसांच्या आणि जनावरांच्या उपचाराची व्यवस्था केल्याचे आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचे सांगतो. हा वारसा केवळ पौर्णिमेच्या भाषणात सांगण्यापुरता ठेवू नका. रात्री शटर ओढून येणाऱ्या मुलासाठी विहाराचे दार अकरा ते एक उघडे ठेवा. एक दिवा, एक टेबल, एक घड्याळ पुरे.

आईवडिलांना सांगायचे ते असे : मुलगी किंवा मुलगा नापास झाला म्हणून त्याला काउंटरवर कायमचा उभा करू नका. परीक्षेच्या आधीचे दोन महिने घरात त्याच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. तेवढे सोसले तर पुढची तीस-चाळीस वर्षे तो स्वतःच्या क्रमांकावर उभा राहील. विरार फाट्याच्या त्या मुलीचे स्थळ तूर्त थांबले आहे. वडिलांनीच मुलाकडच्यांना सांगितले, परीक्षा झाल्यावर बोलू. तिच्या वहीत आता तीनशेच्या वर औषधे झाली आहेत.

आणि नापास झालेल्या मित्रांनो, तुम्हाला शेवटचे सांगणे. अर्ज निघाला की पहिल्या दिवशी भरा, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. कागदपत्रांच्या दोन प्रती ठेवा. निकालाचा जुना कागद फेकू नका, कोणत्या पेपरात किती कमी पडले हे त्यावरूनच कळते. मालकाला सांगून काम बिलिंगचे आणि साठ्याचे घ्या. चिठ्ठीवरची औषधे हजर असलेल्या फार्मासिस्टच्या हाताखालीच द्या, म्हणजे शिकणेही होते आणि कायदाही पाळला जातो. तुमचे आजोबा गावात औषधाच्या दुकानाबाहेर उभे राहत, पुडी वरून टाकली जाई. त्यांच्या नातवाचे नाव आज त्या दुकानाच्या भिंतीवर लागू शकते. ते फक्त एका परीक्षेने अडले आहे. त्या परीक्षेला पुन्हा बसा.

जयभीम!